नोंदणी आधी की लग्न आधी? परदेशातला जोडीदार आणि व्हिसाचा रस्ता

लातूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या कॉलेजात शिकवतात. मुलगा अमेरिकेत जन्मलेला, तिथलाच नागरिक. त्याचे आईवडील मूळचे उदगीरचे. ओळख ऑनलाइन झाली, मागच्या दिवाळीत पुण्यात एकदा प्रत्यक्ष भेट झाली, दोन्ही घरं राजी आहेत. पण व्हिसावरून तीन मतं पडलीत. मुलगा म्हणतो, टुरिस्ट व्हिसावर ये, इथंच लग्न करू आणि इथंच राहा. मामा म्हणतात, साखरपुड्याला तो येतोच आहे तर नोंदणी उरकून घ्या, व्हिसाची फाइल दाखल करा, लग्न मे महिन्यात थाटात करू. एजंट म्हणतो, फियान्से व्हिसा सगळ्यात झटपट. ताई विचारतात, यातलं कोणाचं ऐकायचं?

ताई, तिघांपैकी कोणाचंच जसंच्या तसं ऐकू नका. मी संभाजीनगरात गेली बरीच वर्षं याच कागदांचं काम करतो, आणि माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब पहिला प्रश्न 'कुठला व्हिसा?' हाच विचारतं. तो प्रश्न दुसरा आहे. लग्न कुठल्या देशात, कुठल्या कायद्याखाली आणि कुठल्या तारखेला लागणार, हे आधी ठरतं. ते पक्कं झालं की व्हिसाचे पर्याय आपोआप एकदोनवर येतात.

आधी मुलाचं म्हणणं घेऊ. टुरिस्ट व्हिसावर अमेरिकेत जाऊन लग्न करणं बेकायदा नाही. लग्न करा, फिरा, मुदतीत परत या, कोणी अडवत नाही. गुन्हा आहे तो मनात कायम राहायचं ठरवून खिडकीवर 'फिरायला चाललेय' सांगण्याचा. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचं २१४ (बी) कलम व्हिसा अधिकाऱ्याला सांगतं की समोरचा माणूस तिथंच राहायला येतोय असं गृहीत धर. तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. तिशीतली अविवाहित मुलगी, होणारा नवरा तिकडे, म्हटल्यावर नकार बहुधा ठरलेलाच. समजा त्याचं नाव लपवून व्हिसा मिळवला आणि उतरल्यावर नव्वद दिवसांच्या आत लग्न करून ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला, तर खोटं बोलून आल्याचा संशय थेट तुमच्यावर येतो. तो शाबीत झाला तर अमेरिकेची दारं कायमची बंद होऊ शकतात. माफीचा अर्ज असतो, पण त्या वाटेला कोणी जाऊ नये. थोडक्यात, या रस्त्यानं गेलात तरी परत लातूरला येऊन बायको म्हणूनच व्हिसा काढायचाय. मग लग्न इथंच का नको?

आता मामांचा सल्ला. हा आपल्याकडे सर्रास चालतो. सुपारी फुटली, साखरपुडा झाला, की लगेच नगरपालिकेत किंवा ग्रामसेवकाकडे अर्ज भरून, भटजींची सही घेऊन, लग्नाआधीच लग्नाचं प्रमाणपत्र काढायचं. हेतू वाईट नसतो, मुलाची सुट्टी वाया जाऊ नये एवढाच असतो. पण हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार लग्न विधीनं लागतं, नोंदणीनं नाही. सप्तपदी हा तुमच्या रीतीचा भाग असेल तर सातवं पाऊल पडल्यावर ते लग्न पूर्ण होतं. नोंदणी हा फक्त झालेल्या लग्नाचा पुरावा. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये हेच स्पष्ट सांगितलं: विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्रानं कोणी नवराबायको होत नाही. व्हिसाचा वेळ वाचावा म्हणून आधी नोंदणी करून घेणाऱ्या जोडप्यांचा उल्लेखही त्याच निकालात आहे. म्हणजे मामांच्या डोक्यात जे आहे, नेमकं त्यावरच न्यायालय बोललंय.

शिवाय त्या अर्जात लग्नाची तारीख, ठिकाण आणि विधी लावणाऱ्याचं नाव भरावं लागतं. जे घडलंच नाही ते लिहून त्याखाली तीन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. पुढे मुंबईत अमेरिकी वकिलातीच्या मुलाखतीत अधिकारी विचारतो, लग्न कधी झालं? प्रमाणपत्रावर डिसेंबर, पत्रिकेवर मे, फोटोंतल्या आंब्याच्या डहाळ्याही मेच्याच. तिथून पुढचा प्रत्येक प्रश्न संशयानं येतो.

मामांची घाई कायद्यात बसवायची सोय आहे, ती म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४. या कायद्याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर आणि तीन साक्षीदारांसमोर जे होतं ते स्वतःच पूर्ण लग्न असतं. विधी झाले काय, न झाले काय. नंतर मे महिन्यात मांडव घालून सगळे विधी करा, काही बिघडत नाही. फक्त तेव्हापासून सगळ्या फॉर्मवर लग्नाची तारीख एकच, अधिकाऱ्यासमोरची. मुलाखतीत सरळ सांगायचं की कायदेशीर लग्न या दिवशी, समारंभ त्या दिवशी.

अडचण वेगळी आहे. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान तीस दिवस राहिलेलं असावं लागतं, आणि नोटिशीनंतर आणखी तीस दिवस थांबावं लागतं. पहिली अट तुमच्यामुळे पूर्ण होते, तुम्ही लातूरच्याच. दुसरी त्याच्या रजेत बसत नाही. म्हणून नोटीस तो यायच्या महिनाभर आधी लागेल अशी व्यवस्था करावी लागते. त्याच्या सहीशिवाय, नुसत्या ऑनलाइन अर्जावर ती घेतात का, परदेशी नागरिकाकडून अविवाहित असल्याचा कुठला दाखला मागतात, हे तुमच्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे तिकीट काढायच्या आधी जाऊन विचारा. फोनवर नको, समक्ष. नोटीस तीन महिने टिकते, त्यात लग्न झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. ती नोटीस फलकावर लागते, त्यामुळे घरच्यांपासून लपवून लग्न करणाऱ्या आंतरधर्मीय जोडप्यांना हा महिना फार जड जातो. तुमच्याकडे ती भीती नाही.

आता एजंटाचा फियान्से व्हिसा, म्हणजे के-वन. तो फक्त अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदाराला मिळतो, ग्रीन कार्डवाल्याच्या नाही. तुमचा मुलगा नागरिक असल्यानं तुम्ही बसता. तो आय-१२९एफ हा अर्ज टाकतो. अर्जाआधीच्या दोन वर्षांत तुमची प्रत्यक्ष भेट झालेली असली पाहिजे, आणि पुण्याची भेट त्यासाठी चालते. तिकिटं, हॉटेलचं बिल, त्याच्या पासपोर्टवरचा शिक्का जपून ठेवा. व्हिसा मिळाला की तिथं उतरल्यापासून नव्वद दिवसांत त्याच माणसाशी लग्न करायचं, नाहीतर परत यायचं. लग्नानंतर ग्रीन कार्डाचा वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि कामाचा परवाना हातात येईपर्यंत घरी बसणं. वर्गात शिकवायची सवय असलेल्या बाईला ते महिने खायला उठतात. एजंट 'झटपट' म्हणतो तेव्हा हा दुसरा टप्पा त्यानं हिशोबात धरलेला नसतो.

के-वनमधला खड्डा आपल्या घरांत हमखास पडतो. के-वनसाठी तुम्ही अविवाहित असणं सक्तीचं आहे. साखरपुड्यात आजी म्हणते, एवढी माणसं जमलीत तर हार घालूनच घ्या. मावशी काळी पोत आणते. आणि फोटो थेट लग्नासारखे दिसतात. असे फोटो फाइलमध्ये गेले की अधिकारी म्हणणार, यांचं लग्न झालंय, व्हिसा बायकोचा मागा. नांदेड, परभणी, बीडकडच्या मुस्लिम घरांत निकाह आधी आणि रुखसती, म्हणजे मुलीची पाठवणी, वर्षानं, अशी रीत पुष्कळदा असते. निकाह झाला म्हणजे लग्न झालं; मुलगी अजून माहेरी आहे याला व्हिसाच्या कायद्यात अर्थ नाही. तिथं के-वन नव्हे, पत्नीचाच व्हिसा.

तो पत्नीचा व्हिसा म्हणजे सीआर-वन. नागरिक नवरा आय-१३० टाकतो, ते मंजूर झालं की फी, कागद, त्याच्या उत्पन्नाचं हमीपत्र, वैद्यकीय तपासणी आणि मुंबईत मुलाखत. एकूण वर्ष-दीड वर्ष धरून चाला, कधी त्याहून जास्त. पण विमानतळावर उतरताच तुम्ही कायम रहिवासी, दुसऱ्या दिवसापासून नोकरी शोधायला मोकळ्या. उतरताना लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून अट काढण्याचा अर्ज करायचा. नवऱ्याचं उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावं लागतं. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो.

तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. दोघंही हिंदू, दोन्ही घरं राजी, लातूरला लग्न करायची हौस. मग लग्नाची तारीख मेवरून त्याच्या पुढच्या सुट्टीवर ओढा, विधिवत लग्न लावा, त्याच आठवड्यात महापालिकेत नोंदणी करा आणि सीआर-वन टाका. हिंदू विवाहाला नोटिशीचे तीस दिवस लागत नाहीत, दोन आठवड्यांच्या रजेत सगळं बसतं. मुहूर्त हवा असेल तर गुरुजींना आधी रजेच्या तारखा द्या, त्यात ते काढून देतील. मेच धरून बसायचं असेल तर आधी सांगितलेला विशेष विवाहाचा रस्ता. के-वन मी तेव्हाच सुचवतो जेव्हा मुलाला भारतात येणं शक्यच नसतं किंवा इथं लग्न लावण्यात घरगुती अडचण असते.

आता कागद, कारण फाइल अडकते ती बहुतेक इथंच. मराठवाड्यातल्या तीस-पस्तिशीच्या पुढच्या माणसाचा जन्मदाखला निघायला त्रास होतो. जन्म घरी झालेला, ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात नोंद नाही, शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेला. नंतर दवाखान्याच्या नोंदीवरून वेगळी तारीख निघते आणि पासपोर्टवर १ जूनच राहते. व्हिसाचा पाया पासपोर्ट आहे. बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या, पासपोर्ट बदलायला शेवटी जा. नोंद सापडतच नसेल तर नोंद नसल्याचा दाखला, जोडीला आईवडिलांचं किंवा जवळच्या वयस्क नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र आणि शाळा सोडल्याचा दाखला, असं अमेरिका स्वीकारते.

वडिलांचं नाव ज्ञानोबा असेल तर इंग्रजीत एका कागदावर 'डी'पासून, दुसऱ्यावर 'जी'पासून, आणि दहावीच्या सनदेवर शेवटी 'राव' लागलेलं. शेख, सय्यद, पठाण कधी पुढं, कधी मागं. जिल्ह्याचं नाव जुन्या दाखल्यावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद, २०२३ नंतरच्यावर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. जिल्ह्याच्या नावाची चिंता करू नका, नामांतराच्या शासकीय अधिसूचनेची प्रत जोडली की भागतं. माणसाच्या नावाचं मात्र तसं नाही. किरकोळ फरकाला 'एकच व्यक्ती' असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरतं, मोठ्या फरकाला राजपत्रात नाव छापून घ्यावं लागतं. आणि लग्नानंतर सासरच्यांनी नवं नाव ठेवलं, ताटातल्या तांदळात लिहिलं, तरी पासपोर्टवर माहेरचंच राहू द्या. नाव बदललं नाही म्हणून कुठलाही देश व्हिसा नाकारत नाही. मधेच नाव बदललेल्या फायली मात्र महिनोन् महिने मागं पडतात.

पुराव्याचंही तसंच. सहाशे फोटोंचा अल्बम कोणी बघत नाही. पंधरा-वीस निवडा, प्रत्येकाखाली तारीख, गाव आणि कोण कोण आहेत ते लिहा. त्यात दोघंच उभे असलेले चार आणि दोन्हीकडची माणसं असलेले बाकीचे. पत्रिका, हॉलची पावती, त्याच्या येण्याजाण्याची तिकिटं, आणि चॅटची निवडक पानं: पहिल्या महिन्यातली, मधली, परवाची. ठरवून केलेल्या लग्नात आधीच्या भेटी कमी असतात हे मुंबईच्या अधिकाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांना भेटींची संख्या नको असते, तुमच्या दोघांच्या उत्तरांचा मेळ हवा असतो. मुलाखतीच्या दिवशी रात्रभर रेल्वेनं प्रवास करून थेट खिडकीवर जाऊ नका. आदल्या दिवशी मुंबईत पोचा.

ताईंचं एवढं. पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट. आपल्याकडच्या बायोडेटावर 'मुलगा यूएस सेटल' लिहिलेलं असतं, आणि त्या दोन शब्दांत चार निरनिराळे कायदे दडलेले असतात. नागरिक असेल तर वर लिहिलं तसं. ग्रीन कार्ड असेल तर बायकोला एफटूए या ग्रीन कार्डवाल्यांच्या कुटुंबांसाठीच्या रांगेत थांबावं लागतं, आणि ती रांग कधी पुढं सरकते, कधी मागं जाते. एच-वनबी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, असेल तर बायकोला एच-फोर मिळतो आणि तो या सगळ्यांत लवकर निघतो, पण नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी त्याच्या कंपनीनं टाकलेला अर्ज, मंजूर नसेल तर काम करता येत नाही. विद्यार्थी असेल तर एफ-टू, आणि त्यावर नोकरी अजिबात नाही. सुपारी फोडायच्या आधी मुलाकडे त्याच्या स्टेटसच्या कागदाची प्रत मागा. बागायती किती, कोरडवाहू किती हे सातबारा बघून विचारतोच की आपण. प्रत द्यायला जो आढेवेढे घेतो त्याच्याबद्दल आणखी चौकशी करा. आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामाही मागा.

इंग्लंडचं वेगळं. तिथं तीन प्रकार आहेत: लग्न करून परत येण्यासाठी मॅरेज व्हिजिटर, सहा महिन्यांत लग्न करून तिथंच राहण्यासाठी फियान्से, आणि लग्न झालेल्यांसाठी स्पाउस. फियान्सेवर काम करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा पूर्ण फी भरून स्पाउसमध्ये जावं लागतं, म्हणून मी थेट स्पाउसच सुचवतो. जोडीदार नागरिक किंवा तिथला कायम रहिवासी असेल तर ११ एप्रिल २०२४ पासून त्याचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड लागतं. आधी ते १८,६०० होतं. तुमचा इथला पगार त्यात धरत नाहीत. ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक पातळीची इंग्रजी परीक्षा आणि मान्यताप्राप्त केंद्रातली क्षयरोगाची तपासणी लागते. मुलगा तिथं केअर वर्कर म्हणून मार्च २०२४ नंतर गेला असेल किंवा २०२४ पासूनच्या साध्या मास्टर्सला असेल, तर बायकोला नेताच येत नाही. आपल्याकडची बरीच मुलं नेमकी याच दोन वाटांनी गेलीत.

कॅनडात फियान्से व्हिसा नावाची गोष्टच नाही. लग्न करा आणि मग स्पॉन्सर करा. उत्पन्नाची ठरावीक अट नवराबायकोसाठी सहसा नसते. मात्र लग्नाला दोघंही प्रत्यक्ष हजर हवेत. फोनवरचा निकाह किंवा व्हिडिओ कॉलवरचं लग्न कॅनडा जून २०१५ पासून इमिग्रेशनसाठी मानत नाही. अमेरिकाही अशा लग्नाला तेव्हाच धरते जेव्हा त्यानंतर दोघं प्रत्यक्ष भेटून वैवाहिक संबंध झालेले असतात. तिकीट परवडत नाही म्हणून फोनवर निकाह उरकणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावं. ऑस्ट्रेलियात ठरलेल्या लग्नासाठी सबक्लास ३०० आहे, झालेल्या लग्नासाठी ३०९. दोन्हींची फी डोळे पांढरे करणारी.

जर्मनीला जाणाऱ्या अभियंत्यांच्या बायकांना ए-वन जर्मन लागतं, त्यासाठी पुण्याचं किंवा मुंबईचं मॅक्सम्युलर भवन. नवऱ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, असेल तर भाषेची अट नाही. एक फसगत टाळा: भारतीय अपॉस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार कागदावर मिळणारा सरकारी खरेपणाचा शिक्का, जर्मनी मानत नाही. मंत्रालयातून साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, असे पैसे घालवून लोक माझ्याकडे येतात. जर्मनीचा दूतावास स्वतःच्या पद्धतीनं कागद तपासून घेतो. दुबईही त्या अपॉस्टिल करारात नाही, म्हणून निकाहनाम्यावर किंवा विवाह प्रमाणपत्रावर अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का लागतो. नवऱ्याचा पगार ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय, असा त्यांचा नियम.

उलटा प्रश्नही येतो: मुलगीच इथं राहणार, परदेशी जोडीदार इकडे येणार. धर्म वेगळे असतील तर विशेष विवाह कायदा. दोघांना तिकडे लग्न करायचं असेल तर परदेशी विवाह कायदा, १९६९ खाली भारतीय दूतावासातही ते होतं, दोघांपैकी एक भारतीय नागरिक असला की पुरे. लग्नानंतर त्याला पती म्हणून एंट्री व्हिसा मिळतो आणि १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. तो तुमच्या घरी उतरला तर चोवीस तासांत पोर्टलवर कळवायची जबाबदारी घरमालकाची, म्हणजे तुमच्या वडिलांची. लॉजवाल्यांनाच ते लागतं असा समज चुकीचा आहे. लग्नाची नोंदणी होऊन सलग दोन वर्षं संसार टिकला की ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. पाकिस्तान किंवा बांगलादेशाशी स्वतःचा, आईवडिलांचा, आजीआजोबांचा किंवा पणजीपणजोबांचा नागरिकत्वाचा संबंध असेल तर ते मिळत नाही. आणि लग्नाच्या आधारावर मिळालेलं ओसीआय घटस्फोट झाला की रद्द होऊ शकतं, मग इथं घेतलेला फ्लॅट कोणाच्या नावावर आहे हा प्रश्न उभा राहतो. फ्लॅट घ्यायच्या आधीच वकिलाला विचारून ठेवा.